गाठीची कडा नेमकी कुठे संपते? कर्करोगाच्या प्रसाराचं गणित पहिल्यांदा मांडणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी लॅपटॉप आणू नका. एक वही, आलेखाचा कागद आणि एक रुपयाचं नाणं पुरे.

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला माझ्या घरी चार-पाच मुलं येतात. कुणी एम.एस्सी. गणिताचं, कुणी फार्मसीचं, एक मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: 'सर, कोणतं सॉफ्टवेअर?' त्यांना जे सांगतो तेच इथे पायरीपायरीनं लिहितो आहे. बारावीचं गणित आणि एक्सेलचा सराव एवढ्यावर यातलं बहुतेक सगळं जमतं.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

'कर्करोगाचं मॉडेल' असं काही नसतं. मॉडेल एका प्रश्नाचं असतं. गाठ किती वेगानं मोठी होते, हा एक प्रश्न. गाठीच्या कडेवरच्या पेशी शेजारच्या ऊतीत किती आत शिरतात, हा दुसरा. रक्तात सुटलेल्या पेशींतली एखादी दूर फुप्फुसात किंवा हाडात रुजण्याची शक्यता किती, हा तिसरा. तिन्हींचं गणित वेगळं आहे. वहीच्या पहिल्या पानावर तुमचा प्रश्न लिहा आणि खाली लिहा की उत्तर कोणत्या एककात येणार: दिवस, मिलिमीटर की शक्यता. एकक सुचत नसेल तर प्रश्न अजून नीट सुचलेला नाही, असं समजा.

माझा स्वतःचा प्रश्न मावशीमुळे पडला. तिच्या स्तनातली गाठ काढल्यावर रिपोर्टमध्ये 'कडा मोकळ्या', म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी नाहीत, असं आलं. घरात पेढे वाटले. दीड वर्षानं तिची कंबर दुखायला लागली आणि स्कॅनमध्ये हाडात डाग दिसले. कडा मोकळ्या होत्या हे खरंच होतं. मग हाडात आलं कुठून? मी तेव्हा पंधरा वर्षं कलनशास्त्र शिकवत होतो आणि या प्रश्नापुढे माझ्याकडे एकही ओळ नव्हती.

एकदा तरी स्लाइड बघा

समीकरणाकडे जाण्याआधी ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टना विनंती करा. शिकण्यासाठी ठेवलेल्या जुन्या स्लाइड बहुतेकांकडे असतात आणि विद्यार्थ्याला दाखवायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. गुलाबी पार्श्वभूमीवर पेशींची केंद्रकं जांभळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. गाठीच्या मध्यभागी ठिपक्यांची दाटी असते, पण तुम्ही कडेकडे सरका. स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगात, लोब्युलरमध्ये, कडेवरच्या पेशी एकामागे एक अशा रांगेत गुलाबी तंतूंमधून निघालेल्या दिसतात. चार ठिपके, मग रिकामी जागा, मग दोन ठिपके, मग बरंच काही नाही, मग पुन्हा एक. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो शेवटचा एक ठिपका कितीतरी वेळ बघत बसलो होतो. सोनोग्राफीत तो कधीच दिसला नसता.

त्या एका पेशीला दूरवर पोहोचायला काय काय पार करावं लागतं, ते वहीत काढा. मूळ गाठीतून सुटायचं. भोवतालच्या तंतूंचं जाळं एन्झाइमनं विरघळवत पुढे सरकायचं. रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरायचं. प्रवाहात तगायचं. दूरच्या अवयवातल्या केशवाहिनीत अडकायचं, तिथून बाहेर पडायचं आणि अनोळखी जागी पुन्हा वाढायला लागायचं. हे सगळं एकाच मॉडेलमध्ये कोंबायचा मोह होईल. पहिल्या वर्षी तो टाळा.

मोजणी: दिसण्याआधी किती घडून गेलेलं असतं

एका पेशीपासून सुरू करा आणि दुप्पट करत जा. १० दुपटींनंतर सुमारे हजार, २० नंतर सुमारे १० लाख, ३० नंतर सुमारे १०० कोटी. वैद्यकात ढोबळमानानं धरतात की १०० कोटी पेशी म्हणजे साधारण एक सेंटिमीटरची, एक ग्रॅमची गाठ, हाताला लागेल अशी. आणखी १० दुपटी झाल्या की किलोभर. म्हणजे चाळीसपैकी तीस दुपटी कुणालाही न कळता होऊन गेलेल्या असतात. हा आकडा वहीत लाल शाईनं लिहा.

प्रत्यक्षात गाठ कायम त्याच वेगानं दुप्पट होत नाही. मोठी होईल तशी आतल्या पेशींना प्राणवायू आणि अन्न कमी पडतं आणि वेग मंदावतो. त्यासाठी दोन वक्र शिकून घ्या, लॉजिस्टिक आणि गॉम्पर्ट्झ. बेंजामिन गॉम्पर्ट्झनं आपला वक्र १८२५ मध्ये माणसांच्या मृत्युदरासाठी मांडला होता. गाठींच्या वाढीला तो लावून दाखवला ॲना लेयर्डनं, १९६४ मध्ये. सुरुवातीला लॉजिस्टिक पुरतो.

आता नाणं काढा

आलेखाच्या कागदाच्या मधोमध आडवी रेघ मारा. मधल्या घरात पेन्सिलीचं टोक ठेवा. छापा आला तर एक घर उजवीकडे, काटा आला तर एक घर डावीकडे. शंभर वेळा नाणं उडवा आणि कुठे पोहोचलात ते लिहा. मग पुन्हा मधून सुरुवात करा. पाच जणांनी चार-चार वेळा केलं की वीस उत्तरं मिळतात. त्या उत्तरांचे वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या. आकडा १० च्या जवळपास येतो. वीसच उत्तरं असल्यानं थोडा इकडेतिकडे होईल, घाबरू नका.

शंभर पावलांत दहा घरं. मग वीस घरं जायला किती पावलं? दोनशे नव्हे, चारशे. दिशा नसलेली भटकंती अशीच असते, अंतर वेळेच्या वर्गमूळानं वाढतं. जीवशास्त्रात याला विसरण म्हणतात आणि त्याचा जोर दाखवणाऱ्या आकड्याला विसरण गुणांक. त्याचं एकक मिलिमीटर वर्ग प्रतिदिन. एककात वर्ग का आला, ते तुमच्या नाण्यानं आत्ताच दाखवलं.

नुसत्या भटकंतीनं पेशी फार लांब जाणार नाही. पण ती भटकता भटकता दुप्पटही होत असेल तर चित्र पार बदलतं. कडेवर जी एखादी पेशी पुढे निघून गेली ती तिथेच ठाण मांडून वाढते, तिची पिल्लं तिथून पुढे भटकतात. आता कडा वर्गमूळानं न सरकता ठरलेल्या वेगानं पुढे जाते, लाटेसारखी. भटकंती आणि वाढ एकत्र धरणारं हे समीकरण १९३७ मध्ये रोनाल्ड फिशरनं इंग्लंडमध्ये आणि त्याच वर्षी कोल्मोगोरोव्ह, पेट्रोव्हस्की, पिस्कुनोव्ह या तिघांनी रशियात स्वतंत्रपणे मांडलं. विषय होता फायदेशीर जनुकाचा प्रसार. १९५१ मध्ये स्केलमनं जवळपास तेच गणित युरोपात पसरलेल्या मस्करॅट नावाच्या प्राण्याला लावलं. पुढे ते मेंदूतल्या ग्लायोमा गाठींसाठी वापरात आलं, कारण ग्लायोमा मेंदूबाहेर क्वचितच जातो पण मेंदूच्या आत भरभर झिरपतो.

लाटेचा वेग काढायचं सूत्र छोटं आहे: विसरण गुणांक आणि वाढीचा दर यांचा गुणाकार करा, वर्गमूळ घ्या, दुप्पट करा.

एक्सेलमध्ये पहिली गाठ

आता लॅपटॉप उघडा. सरावासाठी मी दोन आकडे ठरवून देतो, ते कुठल्याही रुग्णाचे नाहीत. विसरण गुणांक ०.०५ मिलिमीटर वर्ग प्रतिदिन, वाढीचा दर प्रतिदिन ०.०२. सूत्रानं वेग येतो दिवसाला ०.०६३ मिलिमीटर, वर्षाला सुमारे २३ मिलिमीटर.

प्रत्येक रकाना म्हणजे अर्धा मिलिमीटर जागा, प्रत्येक ओळ म्हणजे एक दिवस. २०० रकाने घ्या, म्हणजे १०० मिलिमीटर ऊती. घरातला आकडा ही पेशींची घनता, ० म्हणजे एकही नाही, १ म्हणजे खच्चून भरलेलं. पहिल्या ओळीत डावीकडच्या चार घरांत १ लिहा, बाकी शून्य. दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक घराला हा नियम लावा:

नवा आकडा = काल याच घरात होतं ते + ०.२ × (कालचा डावा शेजारी + कालचा उजवा शेजारी − कालच्या याच घराची दुप्पट) + ०.०२ × कालचं × (१ − कालचं)

मधला भाग भटकंतीचा, शेवटचा वाढीचा (हाच तो लॉजिस्टिक). ०.२ कुठून आलं? विसरण गुणांक गुणिले एक दिवस, भागिले रकान्याच्या रुंदीचा वर्ग: ०.०५ भागिले ०.२५. हा आकडा ०.५ च्या वर कधी जाऊ देऊ नका. रकाने बारीक करायच्या नादात मुलं तो ओलांडतात, मग घनता ऋण होते, कडेवर करवतीचे दात दिसू लागतात आणि सगळी दुपार सूत्रातली चूक शोधण्यात जाते. सूत्र बरोबर असतं. रुंदी निम्मी केली तर दिवसाची पाऊणपट कपात करा, म्हणजे पावलं पाव दिवसाची घ्या. नाण्याचं वर्गमूळ इथेही आडवं येतं.

पहिल्या आणि शेवटच्या रकान्याला एकच शेजारी असतो. तिथे हरवलेल्या शेजाऱ्याच्या जागी त्या घराचाच आकडा धरा, म्हणजे भिंतीतून पेशी बाहेर गळणार नाहीत. चौदाशे ओळी खाली ओढा.

मग ५०० व्या आणि ६०० व्या दिवशी घनता ०.५ कुठल्या रकान्यात आहे ते बघा. दोन्हींतलं अंतर सहा मिलिमीटरच्या आसपास येईल. सूत्र ६.३ सांगतं, तक्ता थोडा मागे राहतो, कारण लाटेला पूर्ण वेग घ्यायला वेळ लागतो. असा थोडासा फरक दिसला की खूश व्हा. तुमचा तक्ता खरोखर काहीतरी मोजतो आहे.

आता ०.१ च्या वरची घरं लाल करा. ही स्कॅनवर दिसणारी गाठ समजू. ०.१ पासून ०.०००१ पर्यंतची घरं पिवळी करा. लाल संपल्यावर पिवळा पट्टा किती लांब आहे ते मोजा: वीस-बावीस रकाने, म्हणजे जवळपास ११ मिलिमीटर. त्या पट्ट्यात पेशी आहेत, दिसत मात्र नाहीत. विसरण गुणांकाला वाढीच्या दरानं भागून वर्गमूळ घ्या, १.५८ मिलिमीटर येतं. कडेबाहेर दर १.५८ मिलिमीटरला घनता साधारण २.७ पटींनी घटते. घटते, पण संपत नाही.

आणि आता शस्त्रक्रिया करा. ६०० व्या दिवसाच्या ओळीत लाल भाग आणि त्यापुढचे १० मिलिमीटर हातानं शून्य करा. खालच्या ओळी आपोआप बदलतील. लाल रंग पुन्हा कधी उगवतो? वर्षभराच्या थोडं पुढे. तोच प्रयोग १५ मिलिमीटर कापून करा, पाच-सहा महिने वाढतील. कापलेल्या प्रत्येक मिलिमीटरमागे साधारण एक महिना. मेंदूत सर्जनला असे मिलिमीटर मनासारखे घेता येत नाहीत, तिथेच बोलणं, हालचाल, आठवणी असतात. हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा आमच्या गटातली एमबीबीएसची मुलगी बराच वेळ काही बोलली नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो. तक्ता तुम्हाला ०.००००००१ घनताही दाखवेल. अर्ध्या मिलिमीटरच्या घनात काही हजारांपासून लाखभरापर्यंत पेशी मावतात, म्हणजे या आकड्याचा अर्थ पेशीचा शंभरावा हिस्सा. पाव पेशी जगात नसते. जिथे पेशी एक-दोन उरतात तिथे हे गुळगुळीत समीकरण सोडून पुन्हा नाण्याकडे, म्हणजे संभाव्यतेकडे जायचं.

गोदावरीतल्या पाणवेली आणि दूरची गाठ

इथवरचं गणित झिरपण्याचं झालं. मावशीच्या हाडात जे पोहोचलं ते झिरपून गेलं नव्हतं, वाहून गेलं होतं. ते समजायला मुलांना मी नदीवर नेतो.

आनंदवल्लीपासून खाली टाकळी, दसक-पंचकपर्यंत पाणवेली पसरलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. एका जागी त्यांचा गालिचा वाढतो, ती मूळ गाठ. पाणी वाढलं की तुकडे तुटतात आणि वाहायला लागतात. काही सायखेड्याच्या पुलाला अडकतात. बरेचसे नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात पोहोचतात. वाटेत वाळून, फाटून गेलेले किती, त्याची मोजदाद नाही. मग प्रश्न येतो, नवा गालिचा कुठे तयार होणार हे प्रवाह ठरवतो की तिथलं पाणी? तुकडा पोहोचला पण पाणी वाहतं आणि स्वच्छ असेल तर तो रुजत नाही. सांडपाण्यानं पोसलेलं संथ पाणी मिळालं तर दोन-तीन आठवड्यांत डबकं हिरवं होतं.

कर्करोगात हाच वाद शंभर वर्षांहून जुना आहे. स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जननं १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि मांडलं की पेशी हे बी आहे, अवयव ही जमीन, बी सगळीकडे पडतं पण मानवेल त्याच जमिनीत उगवतं. पुढे जेम्स यूइंगनं प्रवाहाची बाजू घेतली: रक्त आधी जिथे जातं तिथे गाठी होतात. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि आतड्याचा कर्करोग यकृतात जातो, हे प्रवाहाच्या बाजूनं. प्रोस्टेटचा कर्करोग हाडंच का धरतो, हे जमिनीच्या बाजूनं. मला दोघेही अर्धे बरोबर वाटतात, आणि गणितात तसं मांडणं सोपं आहे: पोहोचण्याची शक्यता गुणिले रुजण्याची शक्यता.

आकडे घालून बघा. १९७५ मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या स्तनगाठींवर मोजलं गेलं, तेव्हा गाठीच्या दर ग्रॅममागे रोज तीस-चाळीस लाख पेशी रक्तात सुटताना आढळल्या. त्यातल्या फारच थोड्या तगतात. १९९८ च्या एका प्रयोगात उंदरांच्या यकृताकडे सोडलेल्या मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) पेशींपैकी जवळपास ०.०२ टक्केच मोठ्या गाठी बनल्या.

सरावासाठी हात आखडता घेऊ. रोज १० लाख पेशी सुटतात आणि एकेकीची रुजण्याची शक्यता १०० कोटींत एक, असं धरा. वर्षभरात सुटतात ३६.५ कोटी, म्हणून रुजणाऱ्यांची अपेक्षित संख्या ०.३६५. एकही न रुजण्याची शक्यता पॉइसाँच्या नियमानं (तुरळक घटनांसाठीचं संभाव्यतेचं सूत्र) ई चा उणे ०.३६५ वा घात, म्हणजे ०.६९. थोडक्यात शंभरात ३१ जणांना वर्षभरात दूरची गाठ. तीच मूळ गाठ सहा महिन्यांत काढली तर १७ जणांना. त्या सतरांतल्या प्रत्येकाच्या रिपोर्टमध्येही 'कडा मोकळ्या' लिहिलेलं असू शकतं. बी आधीच वाहून गेलेलं असतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या एका ओळीत मिळालं, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते.

गाठ मोठी होईल तसं पेशी सुटण्याचं प्रमाणही वाढतं. इवाता, कावासाकी आणि शिगेसादा यांनी २००० मध्ये यकृताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या स्कॅनवरून असं मांडलं की हे प्रमाण पेशींच्या संख्येच्या ०.६६३ व्या घातानं वाढतं. हा आकडा दोन-तृतीयांशाच्या जवळ आहे. गोळ्याचं पृष्ठफळ घनफळाच्या दोन-तृतीयांश घातानं वाढतं हे आठवलं तर अर्थ लगेच लागतो: पेशी मुख्यतः पृष्ठभागाजवळून सुटत असाव्यात. घातांक हे असे वाचायचे असतात.

आकडे कुठून आणायचे

नवखे सगळ्यात जास्त इथे अडखळतात. दोन स्कॅनमधल्या अंतरावरून कडेचा वेग मिळतो. पण वेगात विसरण आणि वाढ यांचा गुणाकार असतो, एकट्या वेगातून दोघे वेगळे काढता येत नाहीत. मंद वाढणारी पण भटकी गाठ आणि झपाट्यानं वाढणारी पण जागा न सोडणारी गाठ, दोघींचा वेग सारखा असू शकतो. त्यांच्या कडा मात्र वेगळ्या असतात, पहिलीची धूसर आणि दुसरीची ठळक. धूसरपणातून दोघांचा भागाकार मिळतो. गुणाकार आणि भागाकार दोन्ही हातात आले की दोन्ही आकडे सुटे होतात. ग्लायोमात एमआरआयच्या दोन वेगळ्या प्रकारच्या प्रतिमा घेऊन हेच केलं जातं. तुमच्या तक्त्यावर करून बघा: वेग ०.०६३, रुंदी १.५८, दोघांचा गुणाकार करून निम्मा केला की ०.०५ परत मिळतं.

सरावासाठी 'द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह' या संग्रहात नावं काढून टाकलेली स्कॅन मोफत मिळतात.

तक्ता हातात बसला की एका वेळी एकच गोष्ट बदला. मधल्या तीस रकान्यांत विसरण गुणांक दुप्पट करा, म्हणजे ०.२ च्या जागी तिथे ०.४ येईल. क्रिस्टिन स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात तो राखाडी द्रव्याच्या पाचपट धरला होता. पाचपट हवा असेल तर रकान्याची रुंदी आणि दिवस पुन्हा ठरवावे लागतील, आणि वेग पाचपट न होता सव्वादोनपटच का वाढतो हे वर्गमूळ सांगेल. त्यानंतर भोवतालच्या तंतूंचं जाळं आणि ते विरघळवणारं एन्झाइम यांचे दोन नवे तक्ते जोडता येतात. त्याच वर्षी अँडरसन, चॅप्लेन आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं मॉडेल या वाटेवरचं आहे.

एक्सेल दमायला लागलं की पायथॉनकडे वळा. एकेक पेशी सुटी हाताळायची असेल तर फिजिसेल आणि कॉम्प्युसेल-थ्रीडी ही मोफत साधनं आहेत. एनपीटीईएलवर गणिती जीवशास्त्राची व्याख्यानं आहेत, शांतपणे बसून वाचायला सार्वजनिक वाचनालय आहे.

यातला कुठलाही आकडा घरातल्या किंवा शेजारच्या रुग्णाला लावू नका. कुणी फाइल घेऊन आलं आणि 'किती दिवस?' विचारलं तर तक्ता बंद करा आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. मी हे दोनदा केलं आहे.

डॉक्टरांकडे स्वतःच्या अभ्यासासाठी जाल तेव्हा समीकरण नेऊ नका. एका पानावर लाल-पिवळ्या रकान्यांचं चित्र न्या आणि दोनच गोष्टी विचारा: तुम्ही कडा मोकळी म्हणता तेव्हा ती किती मिलिमीटरवर तपासलेली असते, आणि एका गाठीतून किती ठिकाणचे काप बघितले जातात? उत्तरं तिथेच वहीत लिहून घ्या. घरी येऊन लाल रंग किती घनतेपासून सुरू करायचा, ते त्या उत्तरांवरून नव्यानं ठरवा.